ऑक्टोबरच्या पानावरचं चित्र

कातो मिलोना, सायप्रस
१२ ऑक्टोबर १९९३

मिरोताई,

आधी खुशाली, मग भांडण. फोनवर तुझं लक्ष सारखं बिलाकडे असतं, म्हणून लिहूनच भांडते.

मावशी बरी आहे. गुडघा दुखतो म्हणते आणि लगेच द्राक्षं तोडायला जाते. तू पाठवलेला लोकरी कोट कपाटात जपून ठेवलाय, "लंडनला घालीन" म्हणते. म्हणजे तुझी आई ईस्टरला तुझ्याकडे येणार, हे नक्की समज.

आता भांडण. "थेक्ला, तू शिक्षिका आहेस, आईला कामापुरतं इंग्रजी शिकव, नातीशी चार शब्द बोलू दे," असं तू म्हणालीस. मी हो म्हटलं. पण ताई, क्लेअर तेरा वर्षांची झाली. एवढ्या वर्षांत पोरीला आपली भाषा शिकवायला तुला वेळ झाला नाही, आणि आता पासष्ट वर्षांच्या आजीने पाटी-पेन्सिल घ्यायची? आजीचं नाव पहिल्या नातीला ठेवतात, तेही तू ठेवलं नाहीस. मावशी अजून शेजारणींना सांगते, "क्लेअर म्हणजे इंग्रजीत पेझूनाच."

असो. वर्ग सुरू झालाय. किनाऱ्यावरच्या हॉटेलवाल्यांनी एक समिती काढली आहे. आपल्या गावातली जुनी घरं नीटनेटकी करून पाहुण्यांना भाड्याने द्यायची, आणि घरच्या बायकांनी त्यांच्याशी इंग्रजीत गोड बोलायचं, अशी त्यांची कल्पना. पुस्तकही त्यांनीच दिलंय. पहिला धडा 'या, बसा'. दुसरा 'साखर किती घालू, सर?' तिसरा 'सॉरी'. पाहुण्याने काहीही तक्रार केली की आधी सॉरी म्हणायचं, म्हणजे विषय तिथेच मिटतो, असं पुस्तकात चौकटीत छापलंय.

सात जणी येतात. शाळेच्या बाकांवर बसतात, विणकाम काढतात आणि तोंडाला कुलूप लावतात. मी "अगेन!" म्हणून फळ्यावर डस्टर आपटते, त्या सुया चालवतात. मला वाटलं, लाजत असतील. काल मावशीला विचारलं. म्हणाली, "लाजायला आम्ही नव्या नवऱ्या आहोत का? लढ्याच्या वेळी गावाने ठरवलं होतं, इंग्रजीत एक शब्द बोलायचा नाही. पाट्यासुद्धा खरवडून काढल्या होत्या."

मी म्हटलं, "मावशी, इंग्रज जाऊन किती वर्षं झाली!"

"झाली असतील. पण ठरलेलं मोडा, असं आम्हाला कुणी सांगितलं?"

आता यावर तूच उत्तर दे.

तुझी,
थेक्ला


लंडन
३० ऑक्टोबर १९९३

थेक्ला,

तुझं पत्र दुकानात उभ्याउभ्या वाचलं. एका हातात गिऱ्हाइकाचा कोट, दुसऱ्या हातात तुझे टोमणे. आमचा नवरोबा ग्रॅहम म्हणाला, "काय झालं, रडतेस का हसतेस?" माझं मलाच कळेना.

क्लेअरच्या बाबतीत जे म्हणालीस ते मला रोज रात्री मीच म्हणते, तू मेहनत घेऊ नकोस. इथे दिवसभर वाफेत इस्त्री करून घरी आलं की तोंडात जी भाषा येते तीच बोलली जाते. पोरगी आजीचा फोन आला की कान लावून बसते आणि नुसती हसते. पलीकडे आईही नुसती हसते. पैसे भरून दोघी हसतात. मला ते बघवत नाही, म्हणून तुझ्या गळ्यात घातलंय.

आईला अवघड काही नको. जेवलीस का, थंडी वाजते का, शाळेत काय झालं, ये माझ्याजवळ बस. एवढं आलं तरी पुष्कळ.

आणि एक. लेन, म्हणजे माझे सासरे, मागची खोली आईसाठी रंगवताहेत. सासूबाई गेल्यापासून ते आमच्याच गल्लीत एकटे राहतात आणि रोज येऊन काहीतरी ठोकत असतात. "तुझ्या आईला कोणता रंग आवडतो?" म्हणून त्यांनी दोनदा विचारलं. लग्नात व्याही-विहीण शेजारी बसवले होते, आठवतं? दोघं एकमेकांकडे बघून माना डोलवत होते. आता निदान हवापाण्याचं तरी बोलतील.

मिरोफोरा


कातो मिलोना
२१ नोव्हेंबर १९९३

मिरोताई,

बोलल्या! सगळ्या एकदम बोलल्या, इतक्या की मला दार लावून घ्यावं लागलं.

झालं असं. कॉफीच्या दुकानात पतपेढीचं कॅलेंडर असतं ना, त्यात यंदा प्रत्येक महिन्याला इंग्रजांविरुद्धच्या लढ्याचं एकेक चित्र आहे. शहरातल्या कुणा मोठ्या चित्रकाराने काढलेली. ऑक्टोबरच्या पानावर एका गावाची झडती. सैनिकांनी पुरुषांना खळ्यावर काटेरी तारेत कोंडलंय, घरातलं धान्य अंगणात ओतलंय, आणि बायका काळ्या रुमालात, हात आभाळाकडे करून रडताहेत. महिना संपला म्हणून दुकानदाराने पान फाडलं, ते मी मागून घेतलं आणि फळ्यावर टाचलं. म्हटलं, 'साखर किती घालू सर' वर तोंड उघडत नाहीत, यावर बघू.

विचारलं, "चित्रात काय दिसतं?" इंग्रजीत. सुया चालूच. मग एलेगू, आपल्या सुताराची विधवा, उठली, चष्मा लावून चित्रापाशी गेली आणि बोट आपटून म्हणाली, "नो!"

बाकीचं तिचं इंग्रजी जसं मोडकं होतं तसंच मोडून तुला आपल्या भाषेत लिहिते. "नो! आम्ही रडत नाही! कोण रडतो? मी रडत नाही, ती रडत नाही. हा माणूस खोटा काढतो."

मग धरणच फुटलं. "रुमाल काळा नाही! कुणी मेला नाही अजून!" "बदामाच्या माळा कुठे? ऑक्टोबर! द्राक्षाच्या रसात बुडवला! माळा वाळत होती, सैनिकाचा बूट वर!" "गहू नुसता नाही. गहू, मसूर, पीठ, सगळा एक. वरती रॉकेल!" शब्द अडला की माझ्याकडे बघायच्या, मी शब्द दिला की हिसकावून घ्यायच्या. इतकी वर्षं शिकवतेय मी, माझ्या हातातून शब्द असे कुणी हिसकावले नव्हते.

मावशी शेवटी बोलली. तिच्या घरची झडती आजीच्या तोंडून आपण ऐकली होती, पण आजीने फक्त फुटलेला तेलाचा रांजण सांगितला होता. मावशी चित्रातल्या सैनिकांपाशी बोट घेऊन गेली. चित्रकाराने त्यांना राक्षसासारखं काढलंय, दात-ओठ खाणारे. ती म्हणाली, "हे चूक. ते रागावत नाही. ते हसते. मसूर ओतते, हसते. रॉकेल ओतते, हसते. माझी आई गुडघ्यावर मसूर वेचते, ते अजून हसते."

मग आपल्या भाषेत मला म्हणाली, "रागावले असते तर मी विसरले असते गं. रागात माणूस काहीही करतो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, ताई. त्या चित्रकाराला बायकांचे अश्रू काढायला सुचले, आणि ते हसू काढायला सुचलं नाही. त्याला काय, घरात बसून काढलं आणि पतपेढीला विकलं. या सात जणींना कुणी विचारलंच नव्हतं.

आता रोज हाच धडा. चित्रात काय दिसतं, काय चुकलं, खरं काय झालं. मावशी घरी जाताना रस्त्यात वाक्यं पाठ करत जाते. ईस्टरला क्लेअरला हे सगळं सांगणार आहे ती. चित्राची एक रंगीत प्रत मी तिला काढून दिली, ती कोटाच्या खिशात ठेवलीय.

थेक्ला


लंडन
४ डिसेंबर १९९३

थेक्ला,

ते चित्र बंद कर. मी गंमत करत नाही.

मी तुला 'जेवलीस का' शिकवायला सांगितलं होतं. तू माझ्या आईच्या खिशात सैनिक घालून पाठवते आहेस. क्लेअर निम्मी इंग्रज आहे. हे घर निम्मं इंग्रज आहे. इथे तिने हे बोलायचं नाही. ती प्रत तिच्याकडून काढून घे, काहीतरी कारण सांग.

मिरोफोरा


कातो मिलोना
२२ जानेवारी १९९४

मिरोफोरा,

ताई म्हणावंसं आज वाटत नाही.

तुझ्या डिसेंबरच्या पत्राला मी मुद्दाम उत्तर दिलं नाही. वाटलं, लंडनची हवा लागलीय बाईला, आपल्या आईची लाज वाटायला लागलीय, उतरेल आपोआप. पण तू काय केलंस ते काल मला कळलं.

परवा समितीचे सावेरियादिस साहेब वर्ग बघायला आले. बरोबर लंडनच्या एका सहल कंपनीची बाई, गोरीपान, पायात नवे कोरे बूट. बायकांनी सगळं नीट केलं. 'या, बसा' म्हणाल्या. कॉफी दिली. 'साखर किती' विचारलं. साहेबांची कळी खुलली. मग ती बाई फळ्याकडे बघून म्हणाली, "अरे वा, हे कसलं चित्र?"

तिनेच विचारलं हं! एलेगू म्हणाली, "हे आम्ही." आणि सैनिकांवर बोट ठेवून, "हे तुम्ही."

मग मावशी उभी राहिली. बोट चित्राकडे धरलं. मसूर, पीठ, रॉकेल, रांजण. जिभेत गाठ न पडता एवढी वाक्यं तिला पहिल्यांदाच जमत होती. पाचव्या-सहाव्या वाक्याला ती बाई म्हणाली, "ओह, सॉरी. आय अॅम सो सॉरी." म्हणाली आणि मनगटावरचं घड्याळ बघितलं! साहेब लगेच पुढे, "मॅडमना पुढच्या गावी जायचंय." दोन मिनिटांत गाडी सुरू. मावशी हवेत बोट धरून तशीच उभी. सैनिकांचं हसू सांगायचं तिचं राहूनच गेलं.

संध्याकाळी तिने मला विचारलं, "तिसरा धडा तो हाच ना गं? विषय मिटवायचा?"

काल मला शहरात बोलावलं. वर्ग बंद. "पाहुणे पैसे देऊन शिव्या खायला येणार आहेत का?" असं साहेब म्हणाले. मी म्हटलं, ह्या शिव्या नाहीत, हे संभाषण आहे, तुमच्याच पत्रकावर लिहिलंय 'इंग्रजी संभाषण वर्ग'. संभाषण म्हणजे फक्त साखर विचारणं का? मसूर कुणी सांडले हे विचारलं की ते संभाषण राहत नाही का? तर ते म्हणाले, "बाई, तक्रार काही आमचीच नाही. तुमच्याच गावच्या एका मुलीचं लंडनहून पत्र आलंय, डिसेंबरातच. वर्गात म्हाताऱ्यांची डोकी भडकवतात म्हणून."

आपल्या गावची लंडनला एकच मुलगी आहे.

स्वतःच्या आईचं तोंड इतक्या वर्षांनी उघडलं आणि तू पत्र लिहून ते बंद करवलंस! सैनिकांनी निदान समोर उभं राहून केलं. का केलंस, एवढंच लिही. मावशीला मी अजून सांगितलेलं नाही.

थेक्ला


लंडन
५ फेब्रुवारी १९९४

थेक्ला,

हो, मी लिहिलं पत्र. तू ऐकत नव्हतीस. आणि 'का' विचारतेस तर घे.

लेन तिथे होते. सायप्रसमध्ये. एकोणीस वर्षांचे, सक्तीच्या भरतीत. लग्नाच्या आदल्या दिवशी ग्रॅहमने मला सांगितलं. आईबाबा विमानतळावर उतरले होते, हॉल ठरला होता. बाबा तारेच्या त्या कुंपणात दोन रात्री बसलेले. मी काय करायला हवं होतं, सांग ना? व्याह्यांची ओळख करून देताना सांगू, की हे माझे सासरे, कदाचित तुमच्या अंगणात येऊन गेलेत? बाबांनी विचारलं, "सैन्यात होते का?" मी म्हटलं, "हो, जर्मनीत." भाषा मीच दोन्हीकडून सांगत होते, म्हणून जमलं. बाबा तेच घेऊन गेले. आईला आजही तेच माहीत आहे.

लेन वाईट नाहीत गं. क्लेअरला सायकल त्यांनी शिकवली. माझं बाळंतपण त्यांच्या बायकोने काढलं. तिकडचं ते कधी काही बोलत नाहीत. सैनिक गणवेशातला एक फोटो होता, तो मी घरात आल्यावर त्यांनी स्वतःहून काढून ठेवला. आणि आता ते खोलीला निळा रंग देताहेत आणि तू माझ्या आईला वाक्यं पाठ करायला लावतेस!

आई इथे एकाच कारणासाठी येतेय. नातीसाठी. हे कळलं तर ती उलट्या पावली जाईल आणि पुन्हा येणार नाही. मग क्लेअरला आजी नाही, आजीला क्लेअर नाही. म्हणून लिहिलं पत्र. पुन्हा लिहीन.

तू आईला काही सांगणार नाहीस. वचन दे.

मिरोफोरा


कातो मिलोना
१६ फेब्रुवारी १९९४

मिरोताई,

दोन दिवस तुझं पत्र घेऊन फिरले. तुझी दया आली, पण राग गेला नाही. दोन्ही एकदमच लिहिते.

मी सांगणार नाही, कारण ते सांगणं माझं नाही. तुझंही नाही. ज्याचं आहे तो माणूस भिंत रंगवतोय. इतकी वर्षं तू मध्ये बसून दोन्हीकडचं भाषांतर केलंस आणि हवं तेवढं गाळलंस. ही मधली जागा जाऊ नये, म्हणून तर तुला मावशीच्या इंग्रजीची भीती वाटली नाही ना? हे कठोर आहे, माहीत आहे. तरी लिहिलं.

वर्ग बंद नाही. शाळेची किल्ली काढून घेतली, म्हणून एलेगूच्या स्वयंपाकघरात बसतो. समितीचं पुस्तक चुलीशेजारी आहे, गरम भांडं ठेवायला बरं पडतं.

चित्राची प्रत मी मावशीकडून मागितली नाही, मागणारही नाही. ती तिच्या कोटाच्या खिशात आहे आणि विमानाचं तिकीट दुसऱ्या खिशात. तुझ्याकडे ईस्टरपर्यंत वेळ आहे.

थेक्ला


लंडन
३ मे १९९४

थेक्ला पोरी,

माझं अक्षर तुला लागेल ना? चौथीपर्यंतचं आहे. मिरोफोराला लिहायला सांगितलं नाही, ती गाळते.

खोली निळी आहे. बरी आहे. क्लेअर रोज रात्री माझ्या पलंगावर येऊन बसते. जेवलीस का, थंडी वाजते का, हे पहिल्याच दिवशी संपलं. मग तिने विचारलं, "आजी, तू तरुण होतीस तेव्हा काय झालं?" बघ, मी विचारायची वाट बघत होते.

गुड फ्रायडेला मी स्वयंपाकघरात मसूर निवडत बसले होते. इथले मसूर पिशवीत येतात आणि स्वच्छ आहेत असं म्हणतात, पण मी विश्वास ठेवत नाही. त्या उपासाला मसूर आणि आंबट शिरकाच खायचा, म्हणून क्लेअर विचारत होती, का मसूर. म्हटलं, सांगते. चित्र काढून टेबलावर ठेवलं. तेवढ्यात आमचे व्याही नळ दुरुस्त करायला आले. हातात पाना. त्यांनी चित्र बघितलं आणि ते जागच्या जागी उभे राहिले.

मी क्लेअरला म्हटलं, "हे माझं गाव." तर व्याही एकदम म्हणाले, "सॉरी." मी त्यांना काही सांगितलेलंच नव्हतं, थेक्ला! मला वाटलं, पाना आपटला म्हणून म्हणतात. वर बघते तर माझी मुलगी दारात पांढरीफटक. मग मला सगळं कळलं. जर्मनीत होते म्हणे! माझा नवरा 'जर्मनीत' म्हणून या माणसाशी दारू प्यायला आणि तसाच मेला.

माझ्या अंगाची लाही झाली. आणि हा माणूस 'सॉरी' म्हणून नळाकडे वळला. तिसरा धडा! त्या बाईने घड्याळ बघितलं तेव्हा मी उभीच राहिले होते. आता नाही. मी म्हटलं, "सिट. मी संपला नाही."

मिरोफोरा म्हणाली, "आई, पुरे." मी म्हटलं, "तू गप. हा संभाषणाचा तास आहे."

व्याही बसले. म्हणाले, "तुमच्या गावात मी नव्हतो." मी विचारलं, "मग कुणाच्या?" म्हणाले, "नाव आठवत नाही." नाव आठवत नाही! आम्हाला त्या दिवशी कुणाचा कुत्रा भुंकत होता तेही आठवतं, आणि यांना गाव आठवत नाही. मी ओरडले. इंग्रजी संपलं, मग आपल्या भाषेत ओरडले. ते खाली मान घालून ऐकत होते. मग माझं मला वाटलं, नुसतं ओरडले तर हा सुटेल. म्हणून तुझ्यासारखंच विचारलं. चित्र त्यांच्यापुढे सरकवलं आणि म्हटलं, "चित्रात काय दिसतं?"

ते सांगू लागले. घर. बायका. धान्य. सैनिक. आवाज बारीक झाला. मी म्हटलं, "चित्रात काय चूक?"

पोरी, मी शपथेवर सांगते, मी क्लेअरला अजून ते सांगितलं नव्हतं. मिरोफोरालाही माझ्या तोंडून कधी नाही. व्याह्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, सैनिकांवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे. आम्ही असे रागावलेले नव्हतो. आम्ही हसत होतो."

क्लेअर म्हणाली, "आजोबा?" तिच्या तोंडावर जे होतं ते मी तिला दिलं नाही. ते त्यांनी दिलं, आणि तिने त्यांच्याकडूनच घ्यायला हवं होतं.

मी माफ केलं नाही. त्यांनी माफी मागितलीही नाही, दुसऱ्यांदा सॉरी म्हणाले नाहीत. बरं केलं. मी मसुराचं ताट त्यांच्यापुढे सरकवलं. म्हटलं, "निवडा."

ते निवडायला लागले. जाड बोटं, दिसत नाही नीट, दाणे खाली पडतात. वाकायचे, उचलायचे. कुणी हसलं नाही. मिरोफोरा भिंतीला टेकून रडत होती. मी तिला रडू दिलं. खूप वेळाने त्यांनी ताट माझ्याकडे सरकवलं आणि विचारलं, "ठीक आहे?"

मी बोट फिरवलं. एक खडा निघाला.

म्हटलं, "अगेन."

त्यांनी ताट पुन्हा पुढ्यात ओढलं.

तुझी मावशी,
पेझूना